मागणीपत्रकाबाहेरचा कामगार

बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेला समीक्षकांनी दलित जाणिवेची कथा म्हणून गौरविले. कामगार साहित्याची चर्चा निघते तेव्हा मात्र तिचे नाव सहसा निघत नाही. ही विभागणीच तपासायला हवी. कथेचा नायक रेल्वेत नोकरीला लागलेला कामगार आहे. खोली मिळावी म्हणून तो जात लपवतो आणि ती उघड होताच मार खातो. त्याचा पगार कोणी कापलेला नाही. मग हा तंटा कोणत्या मागणीपत्रकात बसवायचा?

या प्रश्नाची गाठ चळवळीला आधीच पडली होती. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत सुमारे सहा महिने संप चालला. अस्पृश्य कामगारांना तेव्हा विणकाम खात्यात मज्जाव होता. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे. त्याचा स्पृश्य कामगारांना विटाळ होई. जिथे मजुरी अधिक, नेमके तेच खाते बंद! सर्व खाती खुली करण्याची मागणी घ्या, नाहीतर आमच्या लोकांना संपापासून दूर राहायला सांगू, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले, तेव्हा पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने घेतली. मालकांनी उत्तर दिले, हा अन्याय असेल तर त्याला जबाबदार आम्ही नाही. मालकांनी हात झटकले हे खरे. पण या कलमापुरता प्रतिपक्ष टेबलाच्या पलीकडे नव्हता, तो कामगारांच्याच बाजूला बसला होता, हेही तितकेच खरे.

म्हणूनच १९३८ साली मनमाडच्या अस्पृश्य रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. पुढे पंचवीस वर्षांनी बागुलांचा नायक रेल्वेतच नोकरी करताना पहिल्या शत्रूच्या हातचा मार खातो. ही कथा कामगार साहित्याबाहेर ठेवणारी समीक्षा १९२८ च्या पुढाऱ्यांचीच चूक पुन्हा करते.

सामुदायिक वाटाघाटी म्हणजे केवळ पगार-बोनसची घासाघीस नव्हे. वाटाघाटीला बसण्यापूर्वी समुदाय व्हावा लागतो. कायम कामगारांचा करार होतो आणि गटारात उतरणारा ठेक्यावरचा माणूस त्याच्या बाहेर राहतो, हे आजही दिसते. करार कितीचा झाला हे जरूर विचारावे. पण त्याआधी विचारावे, सही कोणाच्या वतीने झाली?