पूडू नको, बेलआउट

अपोलो 11 च्या चांद्रयानातील संगणकाची आज्ञावली आज कुणालाही वाचता येते. तिच्यात अलार्म आणि अबॉर्ट हाताळणारे एक छोटेसे प्रकरण आहे. बिघाडाला सामोरे जाण्याच्या दोन वृत्ती तिथे शेजारीशेजारी नांदतात, म्हणून आपण त्यावर जरा रेंगाळू. पहिल्या मार्गाचे नाव पूडू: चालू कार्यक्रम सोडून द्यायचा आणि रिकामे होऊन अंतराळवीराच्या पुढच्या आज्ञेची वाट पाहायची. दुसरा बेलआउट: साऱ्या कामांची रांग क्षणात पुसून टाकायची, आणि ज्या कामांनी आपण कुठवर आलो याची खूण आधीच नोंदवून ठेवली आहे, तेवढीच त्या खुणेपासून पुन्हा उभी करायची.

पूडूची सावधगिरी मला मनापासून आवडते. यान कक्षेत निवांत फिरत असेल तर तोच शहाणपणा. पण इंजिन धगधगत असताना संगणकाने हात बांधून बसावे, तर ते बसणेच घातक. म्हणून पूडूच्या अंगातच एक छोटी तपासणी विणलेली आहे: यानाच्या वेगाचा अखंड हिशेब चालू आहे का? असेल, तर पूडू नको, बेलआउट कर. एका बिटावर तोललेला हा निर्णय आपण पुन्हा पुन्हा वाचावा. चुकीला उत्तर एकच नसते, प्रसंग पाहून ते ठरते, ही केवढी सूक्ष्म जाण!

20 जुलै 1969 रोजी चंद्रावर उतरताना उमटलेल्या 1202 या अलार्मला तर या तपासणीचीही गरज नव्हती. त्याच्यासाठी थेट बेलआउटच योजलेला होता. मूळ यानाशी भेट साधण्यासाठी असलेल्या रडारकडून येणारे निरर्थक संकेत संगणकाचा वेळ गिळत होते. दर दोन सेकंदांनी सुरू होणारे मार्गदर्शनाचे काम संपण्याआधीच पुढचे येऊन उभे राही, आणि कामांना देण्याची स्मृतीतली मोजकी जागा संपे. मग बेलआउट, म्हणजेच रीस्टार्ट. कीर्तनकाराने आख्यान थांबवून नामगजर करावा आणि नेमक्या त्याच प्रसंगावर परतावे, तसे मार्गदर्शन आपल्या खुणेवर परतत होते. इंजिनाचा जोर मात्र खंडला नाही. एमआयटीच्या प्रयोगशाळेत हॅल लॅनिंग यांनी कामांना अग्रक्रम देणारी जी रचना घडवली, तिच्या पायावर हे सारे उभे होते.

आणि जे गळाले, तेही पाहण्याजोगे आहे. उतरण्यासाठीच्या दुसऱ्या रडारने मोजलेली उंची आणि संगणकाने काढलेली उंची यांतला फरक पडद्यावर दिसावा म्हणून अंतराळवीर आल्ड्रिन यांनी मागणी नोंदवली होती, तिनेही भार वाढवलेलाच होता. रीस्टार्टमध्ये पुसली गेली ती ही मागणी, यानाचा तोल नव्हे. तो आकडा आम्ही इथून पाहतो, असे ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षाने कळवले, आणि उतरणे पुढे चालू राहिले.