‘वध’, ‘हत्या’ आणि चरित्राचा न्याय

आमच्या नवी मुंबईतील एका लहानशा वाचकमंडळात अलीकडे प्रदीप दळवी यांच्या ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ या नाटकावर चर्चा झाली. अखेरीस एका महाविद्यालयीन तरुणाने अगदी निरागसपणे विचारले, “पंचावन्न कोटींसाठी उपोषण केले नसते, तर गांधीजी वाचले असते ना?” नाटकाचा प्रभाव किती खोलवर जातो, हे त्या प्रश्नातून कळले.

हे नाटक १९९८ मध्ये रंगभूमीवर आले. त्याच वर्षी शासनाने त्याचे प्रयोग थांबविले आणि २००१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी उठविली. हे योग्यच झाले; नाटकाला उत्तर समीक्षेने द्यावयाचे असते. शरद पोंक्षे यांनी उभा केलेला नथुराम हा राक्षस नाही, विचार करणारा माणूस आहे, हेही आक्षेपार्ह नाही. खुनी हा माणूसच असतो, हे ख्रिस्ती वाचकास नव्याने सांगावयास नको.

आक्षेप वेगळा आहे. नथुराम प्रेक्षकांशी थेट बोलतो. ज्याच्यावर आरोप करतो तो मात्र उत्तर द्यावयास उरलेला नाही. आरोपीच्या जबानीतून आरोपीचे मन कळते. मृताचे चरित्र तिच्यावरून ठरविता येत नाही. नाटक संपते तेव्हा या दोहोंतील अंतर प्रेक्षकाच्या मनातून पुसले गेलेले असते.

पंचावन्न कोटींचेच पाहा. गांधीजींनी १३ जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत उपोषण आरंभिले, ते तेथील जातीय सलोख्यासाठी. पाकिस्तानला देणे असलेली रक्कम देण्याचा निर्णय सरकारने १५ तारखेस जाहीर केला. तो निर्णय गांधीजींना हवा होता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु उपोषण १५ तारखेस सुटले नाही. ते सुटले १८ तारखेस, सर्व जमातींच्या पुढाऱ्यांनी शांततेची सात कलमी हमी दिल्यावर. आणि त्या सात कलमांत पैशाचा उल्लेख नाही. शिवाय पुण्यात गांधीजींवर बाँब टाकण्याचा प्रयत्न झाला तो २५ जून १९३४ रोजी, त्यांच्या हरिजन दौऱ्यात. लाहोर ठराव तेव्हा सहा वर्षे दूर होता. त्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर या तारखांमध्ये आहे.

मराठीत या घटनेसाठी ‘वध’ हा शब्द अनेकदा वापरला जातो. आपल्या भाषेत वध होतो तो कंसाचा, रावणाचा. हा शब्द उच्चारताच मेलेला माणूस दुष्ट ठरतो आणि चरित्राचा निवाडा पुरावा न पाहताच लागून जातो. नाटकाविषयी लिहिणाऱ्याने हा शब्द तरी जाणीवपूर्वक टाळावा.

याचा अर्थ गांधीजींचे दोष झाकावेत असा नव्हे. दुसरे दळवी, अजित दळवी, यांनी ‘गांधी विरुद्ध गांधी’ या नाटकात महात्म्याला पिता म्हणून उभे केले. हरिलालला विलायतेत शिकावयाचे होते. बापाने त्या शिक्षणासाठी दुसऱ्याच तरुणांना पाठविले. मुलाचा आक्रोश येथे ऐकू येतो, पण बापही बोलतो. प्रेक्षक दोघांचे ऐकून अस्वस्थ होऊन बाहेर पडतो. १९३२ च्या येरवड्यातील उपोषणात नैतिक दबाव होता काय, हा प्रश्नही खराच आहे. डॉ. आंबेडकरांनी गांधीजींवर १९४५ च्या आपल्या ग्रंथात केली, त्याहून कठोर टीका क्वचितच कोणी केली असेल. तिच्यासाठी त्यांना लेखणी पुरली. दोष दाखविणे वेगळे आणि त्या दोषांतून खुनाचे समर्थन उभे करणे वेगळे. पहिले गांधीजींच्या चरित्राचे काम आहे. दुसऱ्याला चरित्र म्हणता येत नाही.

उलट बाजूनेही अन्याय होतो. हत्येनंतर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत निरपराध ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली. एका माणसाच्या कृत्यासाठी जातीला दोषी ठरविणे हीसुद्धा खोटी साक्षच. आणि आपल्या नियतकालिकांतून दिवंगतांवर लिहिताना आपण त्यांना सरसकट संत करून टाकतो, तेव्हा सत्याशी आपणही प्रतारणा करतो. पेत्राने प्रभूला तीनदा नाकारल्याचे चारही शुभवर्तमानकारांनी लिहून ठेवले आहे. त्यामुळे पेत्र लहान झाला नाही. तो आपल्याला खरा वाटू लागला.

खून करू नये ही पाचवी आज्ञा, खोटी साक्ष देऊ नये ही आठवी. नथुरामाने पहिली मोडली, याविषयी वाद नाही. दुसरी मोडली जाऊ नये याची जबाबदारी मात्र नाटककाराची, समीक्षकाची आणि वाचकाची आहे. त्या तरुणाला मी तारखा सांगितल्या आणि दोन्ही दळवींची नाटके पुन्हा, शेजारी शेजारी ठेवून वाचावयास सांगितले. पुढील बैठकीत तो काय म्हणतो, हे ऐकण्यास आम्ही उत्सुक आहोत.