वचन, अट आणि सत्तर वर्षं

कथा-कादंबऱ्यांची परीक्षणं येतात, नाटकांची येतात. पण ज्या वाङ्मयप्रकाराला सगळ्यांत जास्त वाचक, त्याकडे आमच्या समीक्षकांनी ढुंकून पाहिलेलं नाही. तो प्रकार म्हणजे एका ओळीचं भविष्य. फलाटावरच्या वजनाच्या यंत्रातून तिकीट पडायचं, त्याच्या एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला नशीब. वजन कुणाला पटायचं नाही, नशीब पटायचं. अमेरिकेतल्या चिनी खाणावळीत जेवणानंतर बिस्किट देतात. फोडलं की आत चिठ्ठी. (बिस्किट मुळात चिनी नव्हेच, जपानी आहे.) 2005 च्या मार्चमध्ये तसल्या चिठ्ठीवरचे आकडे लावून 110 जणांना एकाच सोडतीत दुसरं बक्षीस लागलं, तेव्हा लॉटरीवाल्यांनी चौकशी आरंभली. चिठ्ठी खरी ठरली की चौकशी होते. खोटी ठरली तर कुणी हूं की चूं करत नाही.

याच प्रकाराची एक सोवळी आवृत्ती आहे. जालन्याला ख्रिस्ती शेजार जुना. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी इथं जवळच बेथेल वसवलं. बायबलातल्या बेथेलात याकोब धोंडा उशाला घेऊन झोपला होता. आमच्या भागात धोंड्यांची वाण नाही, तेव्हा नाव अगदी शोभून दिसलं. तर पुष्कळ ख्रिस्ती घरांत वर्ष बदलताना वचनाचं कार्ड उचलतात. जे वचन निघेल ती वर्षाची शिदोरी.

चिठ्ठीला शास्त्राधार आहे. यहूदाच्या जागी प्रेषित नेमताना चिठ्ठ्याच टाकल्या आणि मत्थियाचं नाव निघालं. त्यानंतर नव्या करारात हे गृहस्थ पुन्हा दिसत नाहीत. चिठ्ठीनं नेमणूक होते. नोकरी ज्याची त्यानं करायची.

आता गुणदोष. आटोपशीरपणा हा गुण. दोष एकच, संपादक फार प्रेमळ. ईयोबाची गळवं कधी कुणाच्या वाट्याला येत नाहीत. कोठारं भरतील असं नीतिसूत्रांत आहे खरं, पण आधीच्याच ओळीत पहिलं पीक देवाला वाहायची अट आहे. कार्डावर अट मावत नाही. शिवाय आमच्याकडे पहिल्या पिकावर आधी सावकार, मग बँक. देवाचा नंबर लागेपर्यंत पोतं रिकामं! सर्वांत लाडकं वचन यिर्मयाचं, चांगल्या भविष्याचं आणि आशेचं. ते बाबेलात बंदी होऊन गेलेल्यांना धाडलेल्या पत्रातलं आहे, आणि त्याच्या लगेच वर सत्तर वर्षांची मुदत घातली आहे. म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक जण तोवर राहणारच नव्हते. तोपर्यंत काय करायचं? तर घरं बांधा, मळे लावा, असंही त्याच पत्रात आहे.

खरं ठरलेलं भाकीतही स्वस्त पडत नाही. 1893 साली आगगाडीत एका अनोळखी युरोपियनानं नारायण वामन टिळकांना नवा करार दिला आणि सांगितलं, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. 1895 च्या फेब्रुवारीत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत तंतोतंत! पण लक्ष्मीबाईंचं काय होईल, हे त्या गृहस्थानं सांगितलं नव्हतं. नवराबायकोची ताटातूट झाली, ती काही वर्षं टिकली. 1900 साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला, तो कुणाच्या भाकितावरून नव्हे, स्वतःच्या मनानं.

म्हणून काय कार्डं बंद करायची? छे! दवाखान्यात उशाखाली वचन ठेवून पडलेल्या बाईला ‘मागचापुढचा संदर्भ बघा’ म्हणणारा समीक्षक फार तर हुशार असेल, माणूस नव्हे. मात्र तिच्या हातात कार्ड ठेवून तडक घरी निघून जाणाराही काही फार बरा नव्हे. बिस्किटातली चिठ्ठी वाचून लोक हसतात आणि बिल देऊन उठतात. वचनाचं तसं नाही. ते दिलं की देणाराही त्यात अडकतो. तेव्हा वाचकहो, कार्ड जरूर द्या, पण तिच्या खाटेशेजारचं स्टूल ओढून जरा टेकाही. सत्तर वर्षं नकोत, तासभर पुरे.