फाळक्यांची रंगदृष्टी

दादासाहेब फाळक्यांविषयी आपल्याकडे दोन प्रकारचे लेखन होते. एक जयंतीचे आणि दुसरे पुण्यतिथीचे. हार मात्र दोन्ही वेळा तोच असतो. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्म, गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’, सरस्वतीबाईंची साथ, आणि अखेर १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशकात मृत्यू. आम्हा नाशिककरांना हे पाढ्यांसारखे पाठ आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. पाहुणे आले की आम्ही मुलाबाळांसह तिकडे चक्कर मारतो. पण फाळक्यांचे चित्रपट पाहिलेला माणूस शोधू लागलो, तर अख्ख्या आळीत एकही सापडायचा नाही. एकदा का कुणाला जनक म्हटले, की त्याच्या पाया पडायचे, एवढेच उरते. त्याचे काम तपासून पाहणे जणू उद्धटपणाचे ठरते!

हा उद्धटपणा मला करायचा आहे. माझे म्हणणे असे की, फाळके आधी आणि अखेरपर्यंत छायाचित्रकार होते, आणि तेही रंगाचे वेड लागलेले छायाचित्रकार. त्यांचे मूकपट बिनरंगी आहेत म्हणून आपण ती गोष्ट विसरतो. पण ती ध्यानात घेतल्यावाचून ते मूकपट नीट दिसतच नाहीत.

त्यांचे उमेदवारीचे दिवस पाहा. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश, मग बडोद्याचे कलाभवन. तेथे प्रा. गज्जरांनी या तरुणाची चुणूक ओळखली आणि फोटोलिथो व तिरंगी ठसे शिकण्यासाठी त्याला रतलामला धाडले. पुढे गोध्र्याला स्टुडिओ थाटला. तिथे प्लेगने पत्नी आणि मूल हिरावले. फोटो काढला की अंगातली शक्ती कॅमेरा ओढून घेतो, असा लोकांत समज असल्याने धंद्याचेही हाल झाले. १९०३ पासून काही वर्षे पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार आणि नकाशानवीस म्हणून नोकरी केली. ती सोडून लोणावळ्यास छापखाना काढला, रविवर्म्याच्या चित्रांच्या मुद्रणाचे काम केले आणि १९०९ साली रंगीत छपाईसाठी थेट जर्मनी गाठली. चित्रपटाचे नावही तोवर आयुष्यात नव्हते. चाळिशीला टेकलेल्या या गृहस्थाने उमेदीची सारी वर्षे रंग कागदावर कसा उतरवावा, याच एका विवंचनेत घालविली होती.

तिरंगी ठशाची करामत थोडी समजावून सांगितली पाहिजे, कारण माझा सारा मुद्दा तिच्यावर उभा आहे. एखादे रंगीत चित्र छापायचे, तर त्याचे तीन फोटो घ्यायचे: एक तांबड्या काचेतून, एक हिरव्या आणि एक निळ्या-जांभळ्या. हाती येतात त्या तीन काचा काळ्या-पांढऱ्याच. रंगाचा ठिपकाही त्यांत नसतो. त्यांवरून तीन ठसे करायचे आणि निळी, तांबडी व पिवळी शाई लावून एकावर एक छापायचे. ठसा केसभर सरकला, तर देवीच्या एका नाकाची दोन नाके होतात. बरोबर बसला, की त्या तीन करड्या काचांतून मोरपिसाचा रंग उगवतो. म्हणजे हे काम करणाऱ्या माणसाला काळे-पांढरे चित्र हे रंगाचा अभाव वाटणारच नाही. त्या करड्या छटांत कुठे निळे आहे, कुठे शेंदरी, हे त्याच्या डोळ्यांना सवयीनेच कळणार.

असा माणूस १९११ साली गिरगावातल्या तंबूत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहतो, कृष्णाच्या ध्यासाने झपाटतो आणि १९१२ च्या फेब्रुवारीत विलायतेला जातो. मधल्या काळात अतिश्रमाने दृष्टी जाण्याची वेळ आली होती, डॉ. प्रभाकरांच्या उपचारांनी ती वाचली. परत आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोपाच्या वाढीची थोडी थोडी छायाचित्रे दिवसेंदिवस टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लहानसा चित्रपट केला. सावकाराला पटवायला त्याचा उपयोग झाला हे खरे. पण कुंडीपाशी असा ठिय्या मारणे हे काम भांडवल शोधणाऱ्याचे नव्हे, जातिवंत छायाचित्रकाराचे.

आता गंमत अशी, की त्या काळची फिल्म तांबड्या रंगाला आंधळी होती. म्हणून तर ती तांबड्या दिव्याच्या उजेडात धुता येई. कुंकू काळे दिसे, तांबडे लुगडे काळवंडे. उलट निळा रंग जवळजवळ पांढरा उमटे. आभाळ तर साफ कोरे. ज्याने हयात रंग जुळविण्यात घालविली, त्याच्या हाती हे साधन आले! आणि करायचे काय, तर निळा कृष्ण.

फाळक्यांनी रविवर्म्याची चित्रे हलती केली, एवढेच त्यांचे कर्तृत्व, असे मत विद्वान मंडळींत रूढ आहे. ‘राजा हरिश्चंद्रा’ची सुरुवात पाहिली, तर ते खोटे म्हणवत नाही. राजा रोहिताला धनुर्विद्या शिकवितो आहे, शेजारी तारामती, सारे प्रेक्षकांकडे तोंड करून, तसबिरीसारखे. (‘हरिश्चंद्र’ म्हणून आज जे पाहायला मिळते, ते १९१७ च्या दुसऱ्या आवृत्तीतले, असे काही अभ्यासक मानतात.) पण हेच मत ‘कालिया मर्दना’ला लावून पाहा, ते तिथे टिकत नाही.

१९१३ सालीच फाळक्यांनी आपले बिऱ्हाड आणि कारखाना नाशकात हलविला होता. ‘मोहिनी भस्मासुर’ इथलाच. दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई या चित्रपटातून पडद्यावर आल्या. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली आणि १९१९ साली ‘कालिया मर्दन’ आला. कृष्ण झाली होती फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. कथा सुरू होण्याआधी फाळके काय करतात? मुलीचा नुसता चेहरा दाखवितात. ती हसते, रुसते, रागावते, चकित होते. मग तीच मुलगी कृष्णाच्या वेषात समोर येते.

मुलीचे कौतुक म्हणून हा भाग सोडून देतात. मला तो साऱ्या चित्रपटाची किल्ली वाटतो. तसबिरीतला कृष्ण आपण निळाईवरून ओळखतो. चेहऱ्याकडे डोळे जातात ते नंतर. फाळक्यांकडे निळा रंग नव्हता. मग त्यांनी कृष्णपण शोधले ते लेकराच्या चर्येत, भुवईच्या चाळ्यात, हसू दाबणाऱ्या ओठांत. रविवर्म्याच्या देवता सुंदर आहेत, पण त्या खोड्या काढणार नाहीत. हा कृष्ण काढतो. पुढे तो डोहात उडी घेतो तेव्हाही तेच. तसबिरीतली यमुना निळीशार असते आणि स्तब्ध असते. इथे पाण्याचा रंग गेला आहे, पण त्याची चकाकी उरली आहे. काठावरच्या गर्दीचा आक्रोश मात्र मला नाटकी वाटतो. हात वर करून रडण्याची ती तऱ्हा रंगभूमीवरून उसनी घेतलेली आहे.

‘श्रीकृष्णजन्मा’चा जो तुकडा उरला आहे, त्यात कंसाला जिकडे तिकडे बाळकृष्ण दिसू लागतात आणि त्याचे स्वतःचे मुंडके धडावेगळे होऊन तरंगते. एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्र घेऊन साधलेली ही किमया. मला इथे ठसेवाला फाळके दिसतो. एकावर एक तीन छाप अचूक बसविण्याची ज्याची तालीम झाली आहे, त्याच्या हाताला हे काम परके नव्हते.

पुढची हकीकत मनाला लागते. भागीदारांशी बिनसले, फाळके काशीला गेले, ‘रंगभूमी’ नाटक लिहिले, परतले. पण पूर्वीची झेप उरली नव्हती. ‘सैरंध्री’चे रंग साधण्यासाठी प्रभातच्या शांतारामबापूंनी १९३३ साली जर्मनी गाठली, म्हणजे जिथे फाळके चोवीस वर्षे आधी जाऊन आले होते तोच देश. तो प्रयोग फसला. १९३७ सालच्या ‘किसान कन्या’त अर्देशीर इराणींनी रंगीत चित्रपट इथल्या इथे तयार केला. त्याच साली सदुसष्ट वर्षांच्या फाळक्यांचा ‘गंगावतरण’ कोल्हापुरात झाला, बोलका पण बिनरंगी. त्यानंतर त्यांनी चित्रपट केला नाही.

त्यांच्या शंभराच्या आसपास चित्रपटांपैकी फारच थोडे तुकडे शाबूत आहेत. ते पाहायला आज कुठे जावे लागत नाही; घरबसल्या मिळतात. फराळाच्या ताटाभोवती सारी जमतील तेव्हा ‘कालिया मर्दन’ लावा. पोरे आधी कुरकुरतील, कारण त्यात आवाज नाही. सुरुवातीची मंदाकिनी त्यांना दोनदा दाखवा, आणि तिच्या कपाळावरचे, वस्त्रांवरचे रंग कोणते असतील ते ज्याचे त्याला ओळखू द्या.