विद्यार्थ्यांच्या नियतकालिकांतील विज्ञान

महाविद्यालयांच्या वार्षिकांकांची समीक्षा करण्याची वहिवाट आपल्याकडे नाही. अंक निघतो, त्यात प्राचार्यांचे मनोगत येते, स्पर्धांत यश मिळविलेल्यांची छायाचित्रे येतात आणि पुढचे वर्ष सुरू होण्यापूर्वी तो कपाटात विसावतो. तथापि ज्या वयात माणूस पहिल्यांदा आपल्या नावाने छापील अक्षर लिहितो, त्या वयातील लेखन अगदीच दुर्लक्षिण्याजोगे नसते, असे आम्हांस वाटते. म्हणून गेल्या काही वर्षांत पेडणे व डिचोली या भागांतून आमच्या हाती आलेले विद्यार्थ्यांचे अंक आम्ही एकाच प्रश्नाच्या अनुरोधाने वाचले: विज्ञान आणि समाज यांच्या संबंधाविषयी ही मुले काय लिहितात? अंकांची नावे घेण्याचे प्रयोजन नाही; कारण जो दोष आम्हांस दिसला तो कोणा एका संस्थेचा नसून आपल्या सर्वांच्या सवयीचा आहे.

पहिली गोष्ट ध्यानात येते ती विभागणीची. अंकाचे तीन विभाग असतात: इंग्रजी, मराठी, कोंकणी. विज्ञान बहुधा इंग्रजी विभागात आढळते. मराठी व कोंकणी विभागांत पाऊस असतो, आई असते, शिगमो असतो, आटलेल्या प्रेमाच्या कविता असतात. त्यांतील काही चांगल्याही असतात. कवितेशी आमचे भांडण नाही. परंतु पाऊस कविता म्हणून मराठीत यावा आणि पर्जन्यमान म्हणून मात्र इंग्रजीतच यावे, ही वाटणी कोणी केली? बरे, इंग्रजी विभागातील विज्ञान तरी कसले? कृष्णविवरे, कृत्रिम बुद्धिमत्ता, मंगळावरील वसाहत. विषय थोर आहेत, पण लेख वाचताना लेखकाने स्वतः काही पाहिले, मोजले वा कोणास विचारले, असा पुरावा सापडत नाही. मंगळावरचे पाणी कळते; घरामागच्या विहिरीचे कळत नाही.

एक अपवाद आम्ही मुद्दाम नोंदवितो. डिचोलीकडील एका अंकाच्या अखेरच्या पानांवर, ‘विविधा’ या सदराखाली, एका विद्यार्थिनीचे दीड पानाचे टिपण होते. आपल्या वाड्यावरील बांय कोणत्या महिन्यात किती खोल जाते, हे तिने वर्षभर दोरीला गाठी मारून मोजले होते. सोबत आजीने सांगितलेली जुनी आठवण होती आणि ‘ही आठवण किती खरी हे मला ठरविता आले नाही’ अशा अर्थाचे एक प्रामाणिक वाक्य होते. आमच्या मते साऱ्या अंकातील विज्ञान त्या एका वाक्यात होते. आठवण आणि मोजमाप यांत फरक आहे, हे ज्याला कळले त्याला शास्त्राचा पहिला धडा कळला. संपादक विद्यार्थ्यांनी मात्र ते टिपण विनोदी चुटक्यांच्या शेजारी बसविले. हीच आमची तक्रार आहे.

ही तक्रार करताना आमच्या डोळ्यांपुढे एक जुना मापदंड आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील विद्यार्थ्यांनी 13 जून 1848 रोजी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापिली. त्याच वर्षी तिच्या मराठी व गुजराती शाखा ‘ज्ञानप्रसारक’ या नावाने निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे आले आणि 1850 पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. सभेत निबंध वाचावयाचा, त्यावर चर्चा व्हावयाची आणि मग तो छापावयाचा, अशी त्यांची रीत होती. छापण्यापूर्वी लेखकाला समोर बसलेल्यांच्या शंकांना तोंड द्यावे लागे. आजच्या अंकांत नेमकी हीच पायरी गळालेली आहे.

आणखी एक गोष्ट त्या तरुणांनी केली. लिहून ते थांबले नाहीत. 1849 साली सोसायटीने मुलींच्या शाळा उघडल्या आणि आरंभी तिच्या सभासदांनीच फावल्या वेळात तेथे विनावेतन शिकविले. दादाभाई नौरोजी त्यांतलेच. निबंधात ज्ञानाचे महत्त्व सांगावयाचे आणि सकाळी मुलींना अक्षरे गिरवावयास लावावयाची, ही दोन कामे त्यांना निराळी वाटली नाहीत. या सोसायटीचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले ते डॉ. भाऊ दाजी लाड, म्हणजे आपल्या पेडण्याचे सुपुत्र. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या 1851 च्या पहिल्या पदवीधरांत त्यांचे नाव आहे. जुन्या वैद्यकग्रंथांनी वाखाणलेली औषधे नुसती वंदनीय न मानता ती रोग्यांवर पारखून पाहण्याचा खटाटोप त्यांनी केला, महारोगावरील उपचारांचा ध्यास घेतला. पेडण्यात त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. ती पारखण्याची वृत्ती मात्र त्यांच्या नावाबरोबर फारशी येत नाही.

त्या जुन्या मंडळींची आम्ही आरती ओवाळीत आहोत असे कोणी समजू नये. धर्म आणि राजकारण हे विषय त्यांनी आपल्या चर्चांतून वगळले होते. परक्या सरकारच्या छायेखाली ते शहाणपणाचे असेल. पण त्यामुळे ज्ञान वरून खाली ओतावयाची वस्तू होऊन बसली. रेल्वे कशी चालते हे सांगता येत होते, ती कोणाच्या हितासाठी चालते हे विचारता येत नव्हते. आजच्या विद्यार्थ्याला ते बंधन नाही. म्हणूनच त्याने मंगळावर पळून जावे याचे आम्हांस अधिक वाईट वाटते.

कारण या दोन तालुक्यांत विज्ञान दाराशी येऊन उभे आहे. मोपाच्या पठारावर 11 डिसेंबर 2022 रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याआधी 29 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याची पर्यावरणीय मंजुरी स्थगित केली होती; अर्जातील माहिती अपुरी होती आणि तज्ज्ञ समितीने तिची पुरेशी छाननी केली नव्हती, हा त्यातील मुख्य ठपका. पुढे 2020 साली ती स्थगिती उठली. डिचोलीत 2012 साली खाणी थांबल्या, 2018 साली न्यायालयाने गोव्यातील 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि 2022 साली नव्या लिलावात पहिलाच पट्टा डिचोलीचा गेला. डिचोलीच्या शेजारी सत्तरीत 2015 साली आणि सीमेपलीकडे दोडामार्गात 2016 साली माकडतापाने काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांना गाठले. कर्नाटकातील क्यासनूरच्या रानात 1957 साली प्रथम ओळखला गेलेला, गोचिडीमार्फत पसरणारा हा रोग इकडे का आला, हा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या अंकात विचारला असल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आम्ही वकिली करतो, म्हणून कायद्याची एक बाजू सांगतो. 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे, ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागते, त्यांच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेतही द्यावा लागतो. म्हणजे कायद्याने आपल्या भाषेला ज्ञानाच्या दरबारात आसन दिले आहे. पण एकदा एका सुनावणीपूर्वी एक वयस्क बागायतदार तो सारांश घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, हे मराठी आहे म्हणतात, पण मला यातले एक वाक्य लागत नाही.” आम्हांसही ते नीट लागले नाही. अनुवादकाने शब्द बदलले होते, अर्थ इंग्रजीतच राहिला होता. तो कागद सोप्या मराठीत किंवा कोंकणीत उलगडून, त्यातील आकड्यांवर चार प्रश्न विचारणारा पंचवीस पानांचा विद्यार्थी-अंक त्या दिवशी गावात असता, तर बागायतदाराला आमच्यापर्यंत यावे लागले नसते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, परिभाषा नाही. 1850 साली तर ती याहूनही कमी होती. लिहिता लिहिताच ती घडली. दोरी, गाठ, खोली, पाणी हे शब्द दोन्ही भाषांपाशी आहेतच. दुसरा आक्षेप, भाषा कोणती? 1987 चा राजभाषा कायदा होईपर्यंत आणि त्यानंतरही या प्रश्नावर आपण पुष्कळ शक्ती खर्चिली. त्या वादात आमची स्वतःची मते आहेत. येथे ती सांगत नाही. इतकेच म्हणतो की, दोघी बहिणींचा माजघरातील हक्कांवरून तंटा चालू असताना दिवाणखाना तिसरीकडे गेला आहे. जी भाषा आपल्या बोलणाराला विहिरीचे पाणी का आटले हे सांगू शकत नाही, तिचा मान कायद्याने फार काळ टिकत नाही.

तेव्हा संपादक विद्यार्थ्यांना आमची विनंती लहानशी आहे. पुढील अंकात विज्ञानाचा एकच लेख घ्या, पण तो मराठीत वा कोंकणीत घ्या. लेखकाने स्वतः काही मोजलेले असावे. आणि छापण्यापूर्वी तो वर्गात वाचून त्यावर शंका घेऊ द्या. त्या मुलीचे टिपण आम्ही जपून ठेवले आहे. तिने दुसऱ्या वर्षीही दोरी विहिरीत सोडली की नाही, ते कळण्याचा मार्ग एकच: पुढचा अंक. आम्ही त्याची वाट पाहत आहोत.