धडपड आणि हातोटी : खानदेशातील तीन पुस्तकांचे एक वाचन

‘कुशल’ या शब्दाची एक जुनी व्युत्पत्ती सांगतात. कुश म्हणजे दर्भ. त्याच्या पात्याला धार असते आणि उपटताना बोट कापते. ज्याला तो हात न कापता काढता येतो, तो कुशल. ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरो वा न उतरो, शब्दामागची मूळ समज तिच्यात शाबूत आहे. तिथे हात आहे, धार आहे, शेतातले गवत आहे आणि स्वतःला इजा न करता काम उरकण्याची रीत आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात योगाची व्याख्या येते, तिथेही ‘कौशल’ हाच शब्द आहे.

आज हा शब्द मुख्यतः सरकारी फलकांवर भेटतो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २०१४ साली १५ जुलै हा जागतिक युवा कौशल्य दिन म्हणून जाहीर केला. पुढच्याच वर्षी त्याच तारखेला आपल्याकडे राष्ट्रीय कौशल्य विकास अभियान सुरू झाले. २०२४ च्या दिनाचे सूत्र होते, शांतता आणि विकास यांसाठी तरुणांची कौशल्ये. त्याच वर्षी महाराष्ट्रात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला दरमहा ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन, तेही सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. एकाच कचेरीत एकाच टेबलावर तिघे बसले, तरी कोणाच्या हाताला काय येते हे विचारले जात नाही. रक्कम ठरते ती कागदावरून.

हाताला काय येते आणि कागदावर काय आहे, या दोहोंतले अंतर हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी खानदेशातील तीन पुस्तके मी शेजारी ठेवून वाचली: विनोबांची ‘गीता प्रवचने’, साने गुरुजींची ‘धडपडणारी मुले’ आणि ‘बहिणाबाईंची गाणी’. समीक्षेने त्यांची दालने केव्हाच वेगळी केली आहेत. पहिले अध्यात्मात, दुसरे संस्कारक्षम वाङ्मयात, तिसरे बोलीतल्या काव्यात. तिन्ही पुस्तके जळगाव-धुळ्याच्या परिसराशी बांधलेली आहेत आणि तिन्हींचा मध्यवर्ती प्रश्न काम हाच आहे, हे मात्र त्या दालनांच्या भिंतींमुळे नजरेआड राहिले.

धुळ्याचा तुरुंग

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी एक याप्रमाणे त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. समोर राजकीय कैदी होते, बरेचसे तरुण. शिक्षा भोगणाऱ्या तरुणांसमोर दिलेली ही व्याख्यानमाला आहे, हे ध्यानात ठेवून ती वाचली तर तिचा रोख अधिक स्पष्ट होतो. बाहेर पडल्यावर हातांनी काय करायचे आणि मनाचे काय करायचे, हे दोन प्रश्न त्या श्रोत्यांपुढे होते. विनोबा ते वेगळे होऊ देत नाहीत.

चौथ्या अध्यायावर बोलताना त्यांनी ‘विकर्म’ या शब्दाला स्वतःचा अर्थ दिला. बाहेरची क्रिया म्हणजे कर्म, त्या क्रियेला आतून मिळणारी मनाची जोड म्हणजे विकर्म. ही जोड नसेल तर काम ओझे होते, असेल तर तेच काम हलके होते. तिसऱ्या अध्यायाच्या विवेचनात त्यांनी घेतलेली उदाहरणे मला याहून मोलाची वाटतात. सेना न्हावी, गोरा कुंभार, तुलाधार वैश्य. यांपैकी कोणीही धंदा सोडून ज्ञानी झालेला नाही. प्रत्येकाला जे कळले ते त्याच्या हत्यारातून कळले. वस्तऱ्यातून, मातीतून, तराजूतून.

विनोबांच्या मांडणीची मर्यादाही इथेच दिसते. कुंभाराला मातीने काय शिकवले ते ते सांगतात. कुंभार माती कशी मळतो, तिच्यातले खडे कसे ओळखतो, हे सांगत नाहीत. ते सांगणे हा त्या प्रवचनांचा हेतूही नव्हता. पण पुढे या विचारावर वाढलेल्या भाषणांनी धंद्याचे तत्त्वज्ञान उचलले आणि धंदा मागे ठेवला.

ही प्रवचने आपल्यापर्यंत आली ती साने गुरुजींमुळे. त्यांना लघुलिपी येत नव्हती. साध्या लिपीत, बोलण्याच्या वेगाशी झुंजत त्यांनी ती उतरून घेतली. हा तपशील पुढे पुन्हा लागणार आहे.

धडपडीची कादंबरी

साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांचे कपडे धुणे, त्यांच्यासाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ काढणे हे सारे त्यांनी केले. पुढच्या दशकात आलेल्या ‘धडपडणारी मुले’ या कादंबरीला या अनुभवाचा आधार आहे. स्वामी नावाचे शिक्षक, नामदेव, रघुनाथ यांच्यासारखी मुले, छात्रालय आणि मग खेड्यात जाऊन उभारलेले सेवेचे जीवन, असा तिचा प्रवास आहे.

या कादंबरीने मराठी तरुणाला एक शब्द दिला. धडपड. त्याआधीच्या शालेय वाङ्मयात हुशार मुलगा होता, आज्ञाधारक मुलगा होता. घरचे दारिद्र्य, समाजाची विषमता आणि स्वतःची अपुरी शक्ती या तिन्हींशी एकदम झगडणारा मुलगा गुरुजींनी आणला. खानदेशातल्या आजच्या तरुणाची ओळख सांगायची तर हाच शब्द आठवतो. दहावी-बारावी करून सुरतेला उधना-लिंबायतकडे जाणारा, चाकणला बारा तासांची पाळी करणारा, सकाळी पोलीस भरतीसाठी धावून दुपारी अभ्यासिकेत बसणारा. धडपडीला तो कुठेही कमी नाही.

पण कादंबरी सलग वाचताना एक गोष्ट खटकत राहते. तिच्यात कामाचा गौरव भरपूर आहे, कामाची रीत फारशी नाही. मुले झाडतात, सूत काततात, खेड्यात राबतात, आणि या प्रत्येक कृतीचे मोल त्यागाच्या मापाने होते. सूत तुटते का, तुटले तर सांधायचे कसे, झाडलेला कचरा खतात कसा जातो, कातलेल्या सुताचे पैसे किती येतात, असल्या प्रश्नांवर लेखणी रेंगाळत नाही. श्रमाकडे पाहून डोळे भरून येतात आणि भरल्या डोळ्यांना हाताची हालचाल नीट दिसत नाही.

गंमत अशी की ज्या लेखकाने ही कादंबरी लिहिली, त्याच्या स्वतःच्या हाताला विलक्षण हातोटी होती. हस्तलिखित दैनिक रोज काढणारा हात, विनोबांचे बोलणे साध्या लिपीत पकडणारा हात, नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढणारा हात. ही अनेक वर्षांच्या रोजच्या सरावाने कमावलेली कारागिरी होती. गुरुजींनी तिच्याविषयी लिहिले असते, तर धडपडणाऱ्या मुलांना धीराबरोबर एक धडाही मिळाला असता. विनयापोटी त्यांनी ती झाकली. आपणही त्यांचे अश्रू जपले आणि त्यांची शिस्त विसरलो.

हातोटीची कविता

१९५२ साली, बहिणाबाई चौधरींच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आला. तेव्हापासून या निरक्षर शेतकरणीच्या तत्त्वज्ञानाचे कौतुक थांबलेले नाही. तिच्या ओळी भिंतींवर आणि भाषणांत सुभाषितांसारख्या वापरल्या जातात. त्यामुळे संग्रहाचा मोठा भाग सुभाषितांचा नाही, हे विसरायला होते. पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी, मोट, घरोट: शेतीतील आणि घरातील कामे तिथे एकामागून एक येतात, आणि जिने ती केली आहेत तिच्या क्रमाने व तिच्या नजरेने येतात.

उपणणीचे गाणे घ्या. खळ्यात रगडलेले धान्य उंचावरून सोडायचे, वाऱ्याने भूस उडवायचे, दाणे खाली. या कामात अंगमेहनतीइतकेच महत्त्व वाट पाहण्याला आहे. वारा पडला तर बळकट बाहूंचा उपयोग नाही. म्हणून बहिणाबाई वाऱ्याला हाक घालते, मारुतीच्या बापाला बोलवावे तशी. या हाकेत भक्ती आहे आणि धंद्याचा हिशोबही आहे. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, याची अचूक जाण हातोटीत धरलेली असते. आज ज्याला शाश्वत विकास म्हणतात, त्याची सुरुवात याच जाणिवेतून होते. केळीच्या पट्ट्यात, रावेर-यावलला, ठिबकच्या नळीतून किती पाणी सोडायचे हे शिकणाऱ्या मुलाला हीच जाण लागते. भूजल किती उरले आहे, हे आज त्याच्यासाठी वाऱ्यासारखेच आहे.

सुगरणीच्या खोप्यावरचे गाणे आपण शाळेत पाठ केले आणि पक्ष्याचे कौतुक म्हणून सोडून दिले. त्या गाण्याचा शेवट माणसाकडे बोट दाखवतो. पक्ष्याजवळ फक्त चोच आहे. तुला तर दोन हात आणि दहा बोटे दिली आहेत. हा प्रश्न कौतुकाचा नसून जाब विचारणारा आहे.

तिसरे गाणे या लेखासाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. नानाजींच्या छापखान्यात बहिणाबाई यंत्र पाहते. तिला ते आवडते, अंगात आलेल्या भगतासारखे घुमणारे ते यंत्र पाहण्यात तिचा जीव रमतो. यंत्राचा द्वेष तिच्याजवळ नाही. मग तिला एक विसंगती दिसते. कोरा कागद छापून निघाला की शहाणा होतो, माणूस मात्र होता तसाच राहतो. प्रमाणपत्रावर याहून नेमकी टीका मराठीत मला माहीत नाही, आणि ती केली आहे अक्षरओळख नसलेल्या बाईने. १९९० साली स्थापन झालेल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली तिचे नाव देण्यात आले. दरवर्षी हजारो छापील पदव्या आता तिच्या नावाने दिल्या जातात. तिने हे पाहिले असते तर एक गाणे नक्की वाढले असते.

बहिणाबाईला धडपडीची संस्था मिळाली नाही. शाळा नाही, छात्रालय नाही, दैनिक नाही. तिची गाणी उरली ती मुलाने आणि नात्यातल्या माणसाने लिहून घेतली म्हणून. हातोटी एकटी असली की तिचे असे होते. ती माणसाबरोबर संपते.

दोन्ही एकत्र आल्या तेव्हा

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. त्याच्या तयारीसाठी धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांच्यासारखे कार्यकर्ते राबले. नगर उभारण्याची जबाबदारी नंदलाल बोस यांच्याकडे होती आणि खेड्यात मिळेल तेच साहित्य वापरावे हा गांधीजींचा आग्रह होता. बांबूच्या कामाने ते नगर उभे राहिले. नेहरूंचे अध्यक्षीय भाषण इतिहासाच्या पुस्तकांत आले. ज्यांनी बांबू चिरला, कामट्या विणल्या, गाठी मारल्या त्यांच्या हातांनी ते नगर तोलले होते, हे तळटिपेतही येत नाही. तरीही ते चित्र डोळ्यांपुढे आणण्याजोगे आहे. गुरुजींची धडपड आणि बुरडाची हातोटी एका मांडवाखाली आली होती.

आजचे उदाहरण धुळे जिल्ह्यातच आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात चैत्राम पवार यांनी गावकऱ्यांसह उजाड झालेले जंगल राखले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण झालेला तरुण गावात राहिला, हा झाला धडपडीचा भाग. त्याची गोष्ट नेहमी इथेच संपवली जाते. जंगल वाढले ते कुऱ्हाडबंदीचे नियम गावाने बसून ठरवल्यामुळे, ते मोडणाऱ्याला दंड केल्यामुळे आणि कोणती रानभाजी कधी, कुठे उगवते हे बायकांना माहीत असल्यामुळे. त्या माहितीचे कोणतेही प्रमाणपत्र नाही. तिथे रानभाज्यांची स्पर्धा भरते, तेव्हा ती माहिती घरातून चव्हाट्यावर येते आणि पोरीबाळींच्या कानावर पडते. प्रशिक्षण म्हणतात ते हेच.

शांततेची हातोटी

शांतता हा शब्द कौशल्याच्या फलकावर शोभेपुरता येतो, असे अनेकांना वाटते. धुळेकरांना तसे वाटू नये. ६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात एका खानावळीच्या बिलावरून झालेल्या भांडणाने दंगलीचे रूप घेतले. पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. बिलाची रक्कम आणि सहा मृत्यू यांच्यामध्ये किती तरी क्षण असे असणार, जिथे कोणी तरी आवाज खाली आणू शकला असता. ते एक कसब आहे. सद्भावनेच्या भाषणाने ते येत नाही, जसे पोहणे पुस्तकाने येत नाही.

विनोबांनी घेतलेल्या तुलाधाराकडे इथे परत यावे लागते. त्याची कथा महाभारतात आहे, आणि तीही शांतिपर्वात. तपस्वी जाजलीला धर्म शिकण्यासाठी या दुकानदाराकडे जावे लागते. तराजूची दांडी सर्वांसाठी सारखी धरता धरता तुलाधाराचे मन सारखे झालेले असते. रोज अचूक काम करणाऱ्याला चूक दिसली की ती दुरुस्त करायची सवय लागते. तो ती दुसऱ्याच्या माथी मारत नाही. तराजू, ओळंबा, करवत ही खोटे खपवून न घेणारी साधने आहेत. रिकामा हात आणि अपमानित मन यांना भडकवणे सोपे जाते. गुरुजींच्या छात्रालयात निरनिराळ्या घरची मुले एकत्र राहत, एकमेकांच्या सवयी सोसत. तीही शांततेची कार्यशाळाच होती, फक्त तिच्या दारावर तशी पाटी नव्हती.

या तीन पुस्तकांवरून आजची धोरणे आखता येणार नाहीत, याची मला कल्पना आहे. सुताचे आणि मोटेचे दिवस गेले. केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलीला वेगळी हातोटी लागते. पण ती कशी येते याचे उत्तर बदललेले नाही. जाणत्या माणसाशेजारी उभे राहून, चुका करून, पुरेसा काळ घालवून. सहा महिन्यांच्या योजनेत चुकांसाठी वेळ ठेवलेला नसतो, आणि जाणता माणूस तिथे असेलच याची हमी नसते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. तिथल्या नगरीला साने गुरुजींचे नाव होते. गुरुजींना आपण वंदन पुष्कळ केले. आता त्यांच्या पुस्तकाला जे जमले नाही ते ओळखून त्याच्या शेजारी बहिणाबाईला बसवायला हवे. खानदेशातल्या महाविद्यालयांत ‘धडपडणारी मुले’ आणि ‘उपणणी’ एकाच तासाला शिकवून पाहावे. आणि तास संपल्यावर, परीक्षेऐवजी, प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारावा: तुझ्या घरात कोणाच्या हाताला काय येते, आणि त्यातले तू काय उचललेस?