सुवर्ण नॅनोकण आणि औषधवहनाचा दावा : एक चिकित्सा

कर्करोगविरोधी औषध धातूच्या नॅनोकणांवर जोडून ते थेट रोगग्रस्त पेशीत पोहोचविता येते, असे विधान या विषयावरील बहुतेक लेखांच्या आरंभी आढळते. त्यातील ‘थेट’ हा शब्द तपासून पाहणे आवश्यक आहे.

अर्बुदातील सच्छिद्र रक्तवाहिन्यांतून मोठे रेणू बाहेर झिरपतात व तेथेच साचून राहतात, हे मात्सुमुरा व माएदा यांनी १९८६ मध्ये दाखविले. उंदरांत हा परिणाम ठळक असतो. मानवी अर्बुदांत तो एकसारखा आढळत नाही. टोरांटो विद्यापीठातील वॉरेन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये ११७ शोधनिबंधांचे विश्लेषण केले, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी अर्बुदात पोहोचणाऱ्या नॅनोकणांचा मध्यक अवघा ०.७ टक्के भरला. विशिष्ट पेशी ओळखणारा रेणू कणांवर जोडल्यावरही तो ०.९ टक्केच होता. पुष्कळसे कण यकृत व प्लीहा यांतील भक्षकपेशी गिळतात. जे थोडे कण कर्कपेशीत शिरतात, त्यांतीलही बरेच एंडोसोमच्या पिशवीत अडकतात.

या संदर्भात वारंवार उद्धृत होणारे उदाहरण म्हणजे टीएनएफ हे प्रथिन वाहणारे, सुमारे २७ नॅनोमीटर व्यासाचे सुवर्णकण. त्यांच्या पहिल्या टप्प्याच्या रुग्णचाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. नुसते टीएनएफ दिल्यास रक्तदाब धोकादायक रीत्या घसरतो. सुवर्णकणांसह दिल्यावर त्याची अधिक मात्रा रुग्णांना सहन झाली. ही उपलब्धी लहान नव्हे. परंतु टीएनएफ पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीशी जोडले जाऊन कार्य करते. औषध पेशीच्या आत नेण्याचा येथे प्रश्नच नव्हता. तरीही हे उदाहरण पेशीप्रवेशाचा पुरावा म्हणून पुढे केले जाते! वस्तुतः १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले डॉक्सिल हे औषध मेदकणांवर आधारलेले आहे; सुवर्णकणांवरून वाहिले जाणारे एकही कर्करोगविरोधी औषध अद्याप नियमित उपचारात आलेले नाही.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून तुळस वा कडुनिंबाच्या अर्काच्या साहाय्याने चांदीचे कण तयार करून ते हेला पेशींवर तपासले जातात. संश्लेषणाचा अभ्यास म्हणून त्याचे मोल आहेच. पण काचपात्राला यकृत नसते. तेथे कण आणि पेशी यांची भेट अटळ असते. निरोगी पेशींवरील परिणामाची तुलनाही अनेकदा नसते. अशा प्रयोगावरून ‘कर्करोगावर प्रभावी’ असा निष्कर्ष काढला जातो, तो वृत्तपत्रात छापून येतो, आणि रुग्णाचे नातेवाईक ते कात्रण घेऊन डॉक्टरांकडे जातात.